जंगल-सजावटीला बुरशी, भुसा आणि सुटलेला डिंक: कुठून तपासायला सुरुवात करायची

नाशिकला गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत ३१ ऑक्टोबरला मुलांचं हॅलोवीन असतं. बाजारातली प्लॅस्टिकची वटवाघळं आणायची नाहीत, जे काय करायचं ते काटक्या, पानं, शेंगा, करवंट्यांतून करायचं, असा नियम मुलांनीच केलाय (म्हणजे मी त्यांच्याकडून करवून घेतलाय). विषय कायम जंगल. घुबडं, खारी, भूछत्रं, पिंपळावरचा मुंजा. गेल्या वर्षी एकाने चकवा केला होता. चकवा दिसतो कसा हे कोणालाच माहीत नसल्यामुळे त्यात चूकही काढता आली नाही.

याला सहा-सात वर्षं झाली. आता नवीन करण्यापेक्षा दुरुस्तीच माझ्याकडे जास्त येते. २६-२७ तारखेपासून बेल वाजायला लागते, दारात कोणाची तरी आई आणि तिच्या हातात कान गळलेलं घुबड. तक्रारी ठरलेल्या, कारणंही ठरलेली. म्हणून यंदा एकदाच सगळं लिहून काढतेय.

आधी लक्षणं बघा

तुमच्या वस्तूला यातलं नेमकं काय झालंय ते आधी ठरवा. दोन-तीन गोष्टी एकदम झालेल्या असू शकतात.

- दोन-चार दिवसांत पांढरी, हिरवट किंवा काळी बुरशी. कधी दिसत काहीच नाही, पण जवळ गेलं की भिजलेल्या गोणपाटासारखा कुबट वास येतो.
- डिंक सुटतो. ग्लू गनचा थेंब अख्खाच्या अख्खा निघून हातात येतो.
- पानं गुंडाळतात, पंख वाकडे होतात, दारावरचं कडं सैल पडून अंड्यासारखं लांबट होतं.
- वस्तूखाली रोज सकाळी मैद्यासारखं बारीक पीठ पडलेलं असतं.
- चिलटं, मुंग्या.
- व्हार्निश चिकटच राहतं किंवा त्यावर दुधाळ झाक येते.
- कोरलेला भोपळा आत बसतो आणि खालून पाणी सोडतो.

यातल्या पिठाचं कारण वेगळं आहे, त्याचं पुढे सांगते. बाकीच्या बहुतेक तक्रारींत लोक डिंकाला दोष देतात. 'ताई, चांगल्यातला डिंक सांगा ना' हा प्रश्न मला इतक्यांदा विचारलाय की आता मी उत्तर न देता उलट विचारते, 'काटक्या आणल्या कधी?' उत्तर 'परवा' असलं की निदान झालं.

वस्तू ओली असते. वरून कोरडी लागते, आत पाणी असतं. नाशिकचा परतीचा पाऊस साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत रेंगाळतो. नंतर दुपारी चटके बसणारं ऊन पडतं, त्यामुळे आपल्याला वाटतं सगळं वाळलं. पण झाडाखाली पडलेली काटकी चार महिने पाणी प्यालेली असते, आणि पहाटे दव पडायला लागलेलं असतं. लाकडातलं पाण्याचं प्रमाण २० टक्क्यांच्या खाली गेलं की बुरशीला त्यावर जगणं अवघड होतं. झाडाखालून नुकती उचललेली काटकी यापेक्षा कितीतरी ओली असते.

आता तपासण्या. क्रम मोडू नका. पहिल्या तीन फुकटातल्या आहेत, आणि निम्म्याहून जास्त वस्तूंचं निदान मला त्यांतच सापडतं.

१. मोडून, हुंगून, गालाला लावून

त्याच काटक्यांतली एक उरलेली काटकी घ्या आणि मोडा. 'कट्' असा आवाज होऊन सरळ तुटली तर वाळलेली. वाकली, सालीला लोंबत राहिली किंवा तुटलेल्या टोकाला हिरवट ओल दिसली तर ओली. पान मुठीत चुरगाळा. चुरा झाला पाहिजे, घडी पडता कामा नये.

जिचं काही मोडायचं नाही ती वस्तू गालाला लावा. ओली वस्तू गार लागते, कारण पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. आमची आजी वाळवणातली कुरडई अशीच गालाला लावून बघायची. हाताच्या बोटांना हा फरक तेवढा कळत नाही.

ही तपासणी पहिली ठेवण्याचं कारण साधं आहे. वस्तू ओली निघाली तर पुढचं काहीही करून उपयोग नाही. नवा डिंक लावलात तर तोही सुटणार आहे.

२. वस्तू टांगली कुठे आहे?

एका ताईंच्या दाराच्या घुबडाला तीन वर्षं बुरशी येत होती. सामान खणखणीत वाळलेलं, मीच वाळवून दिलेलं. शेवटी त्यांच्या घरी जाऊन बघितलं. घुबड ज्या भिंतीवर होतं तिच्या पलीकडे बाथरूम. भिंत दिसायला कोरडी होती, रंगही ठीक होता.

अशा भिंतीसाठी स्वयंपाकघरातली फॉइल पुरते. वीतभर तुकडा भिंतीवर चपटा ठेवा, चारी कडा चिकटपट्टीने बंद करा आणि पूर्ण एक दिवस तसाच राहू द्या. मग आधी फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला हात फिरवा, नंतर काढून भिंतीकडची बाजू बघा. भिंतीकडे थेंब असतील तर भिंतीतूनच ओल येतेय. खोलीकडे असतील तर हवा दमट आहे, खिडकी उघडी ठेवा आणि कपडे त्या खोलीत वाळत घालू नका. त्या ताईंच्या फॉइलमागे थेंबांची रांग होती. घुबड पॅसेजमधल्या खिळ्यावर गेलं आणि तक्रार संपली. भिंतीची मात्र सुरू झाली, ती शेवटी सांगते.

वस्तू भिंतीला चिकटून असेल तर मागे बाटलीच्या बुचाचे दोन तुकडे लावा. बोटभर फट राहिली की मागून हवा खेळते. बुरशी नेहमी मागच्या बाजूने सुरू होते आणि पुढे दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

३. सुटलेला थेंब उलटा करून बघा

डिंकाची गोळी फेकू नका, सगळी माहिती तिच्या खालच्या बाजूला असते.

खालून गुळगुळीत आणि चकचकीत असेल तर डिंकाने धरलंच नव्हतं. वस्तू तुकतुकीत होती (गुलमोहराची शेंग, महोगनीच्या फळाचं आतलं अंग) किंवा तुम्ही लावेपर्यंत डिंक गार झाला. शेंगेला तेवढ्या जागी पॉलिश पेपर घासा, दहा सेकंदांचं काम आहे.

धूळ किंवा सालीचा पापुद्रा चिकटून आला असेल तर डिंकाने बरोबर धरलं होतं, पण ज्याला धरलं तेच सुटलं. सैल साल नखाने काढा, दात घासायच्या जुन्या ब्रशने धूळ झाडा आणि मगच लावा.

खालून बारीक बारीक भोकं असतील, अनारशासारखी, तर ओल. गरम डिंक ओल्या लाकडावर पडला की पाण्याची वाफ होते आणि ती डिंकातून बुडबुडे काढत बाहेर पडते. पकड उरते फक्त भोकांच्या मधल्या कडांची.

आणि थेंब लांब तार काढल्यासारखा ओढला गेलेला असेल तर उन्हामुळे. दुपारच्या उन्हातल्या काचेमागे ग्लू गनचा डिंक मऊ पडतो. पश्चिमेच्या बाल्कनीत लटकणाऱ्या जड वस्तूला नुसत्या डिंकावर ठेवू नका, सुतळीने किंवा बारीक तारेने बांधा आणि डिंक फक्त गाठ लपवायला वापरा. खरं तर मी आता सगळंच आधी बांधते.

पांढरा डिंक, म्हणजे आपला फेविकॉल, काटकी-लाकडाला उत्तम. पण त्याला दाबून ठेवावं लागतं आणि पूर्ण एक दिवस द्यावा लागतो. घाई असलेले लोक तो वापरून मग हेअर ड्रायर मारतात. वरचा पापुद्रा सुकतो, आतला डिंक तसाच राहतो.

एक धोक्याचं सांगते. काटेसावरीच्या कापसाची कोळिष्टकं फार सुंदर होतात, पण त्या कापसावर किंवा कुठल्याही कापसावर फेविक्विकसारखा झटपट डिंक टाकू नका. कापसावर तो एकदम तापतो, धूर निघतो, बोट भाजतं. कापसाला पांढरा डिंकच लावायचा.

४. वजनकाटा

यापुढच्या तपासणीला स्वयंपाकघरातला डिजिटल काटा लागतो. नसेल तर शेजारून आणा, आमच्या मजल्यावर केक करणारी एक तरी असतेच.

वस्तू रोज एकाच वेळी तोला आणि आकडा कागदावर लिहा. वजन उतरतंय तोवर पाणी जातंय. लागोपाठ तीन दिवस आकडा हलला नाही की वाळली. मोडून बघणं फक्त टोकाचं सांगतं, काटा आतलंही सांगतो.

हे मी शिकले द्राक्षाच्या काडीवर, आणि इथे जरा थांबते, कारण नाशिकमध्ये सगळ्यात जास्त फसणारी वस्तू हीच.

माझ्या दिरांची निफाड तालुक्यात बाग आहे. ऑक्टोबरात गोडी छाटणी होते, बांधावर काड्यांचे ढीग पडतात, आणि ताजी काडी इतकी लवचीक असते की दारावर टांगायचं कडं हातावर सहज वळतं. पहिल्या वर्षी मी सकाळी काड्या आणल्या, दुपारी कडं वळलं, संध्याकाळी त्यावर सुरूची फळं, शेंगा, करवंटीचं घुबड असं सगळं चिकटवून मोकळी झाले. चौथ्या दिवशी रात्री साडेअकराला दारात धप्प आवाज झाला. सासूबाई म्हणाल्या, 'आलं गं तुझं भूत.' घुबड खाली, डिंकाच्या गोळ्या जागच्या जागी, आणि कडं असं सैल की काड्यांमधून बोट जात होतं.

पुढच्या वर्षी तसंच कडं केलं, पण त्यावर काही न लावता तोललं. पहिल्या दिवशी ६४० ग्रॅम. सोळाव्या दिवशी ३५० वर येऊन थांबलं. म्हणजे पावकिलोपेक्षा जास्त पाणी माझ्या दारावर टांगलेलं होतं. ते निघून जाताना काडी बारीक होते आणि डिंक आहे तेवढाच राहतो. मग डिंक सुटेल नाहीतर काय होईल?

म्हणून काडी ओली असताना वळायची, चार ठिकाणी सुतळीने करकचून बांधून टांगायची, आणि वजन थांबल्यावरच सजवायची. मध्ये एकदा सुतळी पुन्हा आवळावी लागते. ऑक्टोबरात छाटलेल्या काडीला ३१ तारखेपर्यंत एवढे दिवस मिळतीलच असं नाही. त्यामुळे मी आता एप्रिलच्या खरड छाटणीची काडी आणते. तेव्हा काड्या भरपूर निघतात, वैशाखाच्या उन्हात कडी आठ-दहा दिवसांत कडकडीत होतात आणि माळ्यावर पडून राहतात. सटाण्याकडे अर्ली, म्हणजे हंगामाआधी येणाऱ्या द्राक्षाची छाटणी पावसाळ्याच्या तोंडाशीच सुरू होते, तिकडे ओळख असेल तर तीही चालते, पण मग वाळवायला पाऊस आडवा येतो.

काडी घेताना बागेत दोन गोष्टी विचारा. शेवटची फवारणी कधी झाली, आणि पेस्ट लावायच्या आधीची काडी आहे ना. छाटणीनंतर डोळे फुटायला जी पेस्ट लावतात ती विषारी असते, ती लागलेली काडी घरात आणूच नका. बाकी काड्यांवर निळसर-पांढरे डाग दिसतात ते बहुधा मोरचुदाच्या औषधाचे. हातमोजे घालून नळाखाली घासून धुवा. अशी काडी खाण्याच्या ओव्हनमध्ये घालायची नाही.

५. पुन्हा वाळवणं

वस्तू ओली आहे हे नक्की झालं की उपाय एकच, सुटी करा आणि वाळवा. अख्खं घुबड उन्हात ठेवून जमत नाही, कारण डिंकाखालची जागा वाळत नाही आणि बाकीचं वाकडं होतं.

गच्चीत जुन्या साडीवर किंवा चाळणीवर पसरा. प्लॅस्टिकच्या कागदावर नको, खाली पाणी साठतं. दहा ते चार ऊन, आणि पाचच्या आत घरात. हे पाचचं लोक विसरतात. दिवसभर वाळवलेलं रात्री गच्चीत राहिलं की दवाने पुन्हा भिजतं, आणि 'आठ दिवस उन्हात होतं हो' असं मला ऐकावं लागतं.

घरी ओटीजी (विजेवरचा छोटा ओव्हन) असेल तर कोरडी सुरूची फळं, शेंगा, करवंट्या १०० अंशांवर अर्धा तास ठेवा. रंग, डिंक, व्हार्निश लागलेलं काही आत जाता कामा नये, आणि तेवढा वेळ तिथून हलायचं नाही. फोन आला तर ओव्हन बंद करून घ्या. मायक्रोवेव्ह वापरू नका. काटकी आतून कधी पेटते ते बाहेरून कळत नाही.

सागाची, पळसाची पानं उन्हात टाकली तर गुंडाळणारच. ती रद्दीत घालून वर पाटा-वरवंटा ठेवा आणि रद्दी एक दिवसाआड बदला. रद्दी बदलायची कारण पाणी ती पिते, आणि भिजलेली रद्दी पानाला बुरशी लावते. घाई असेल तर दोन वर्तमानपत्रांमध्ये धरून मंद इस्त्री. पान मऊ आणि वाकण्याजोगं हवं असेल तर मेडिकलमधून ग्लिसरीन आणा, एक भाग ग्लिसरीन, दोन भाग पाणी, त्यात पानं चार-पाच दिवस बुडवा. पान तपकिरी होतं, पण मोडत नाही. घुबडाच्या पंखांना मी हेच वापरते. इथे एक लक्षात ठेवा. अशा पानाला डिंक नीट धरत नाही, त्याला टाकाच घालावा लागतो.

हिमाचलच्या ट्रिपमधून आणलेलं चिडाचं, म्हणजे पाइनचं फळ कोणाकडे असेल तर ते सजावटीत घालवू नका, वाळवणाच्या खोलीत टांगा. हवा दमट झाली की त्याचे खवले मिटतात, कोरडी झाली की उघडतात. मिटलेलं दिसलं त्या दिवशी मी डिंकाला हातच लावत नाही.

६. बुरशी आलीच असेल तर

पानं, शेवाळ, कापूस, मक्याची पालं यावर बुरशी आली तर फेका. पिशवीत बांधून फेका, गॅलरीत झटकू नका. मऊ वस्तूच्या आत बुरशी शिरलेली असते, वरून पुसून ती जात नाही.

करवंटी, शेंग, जाड काटकी वाचते. घराबाहेर जा, मास्क लावा, कोरड्या ब्रशने झाडा, मग फडक्यावर सर्जिकल स्पिरिट घेऊन पुसा आणि पुन्हा दोन दिवस उन्हात. स्पिरिट पेट घेतं, जवळ देवघर नको, गॅस नको. घरात कोणाला दमा असेल तर हे काम त्यांनी करायचं नाही, आणि त्यांच्या खोलीत ती वस्तू परत टांगायचीही नाही.

शेवाळाबद्दल एक. दरवर्षी कोणीतरी त्र्यंबकच्या बाजूला जाऊन पिशवीभर शेवाळ आणतं. ते पहिल्यांदा सडतं, आणि मुळात आणायचंच नसतं. अंजनेरी आणि बोरगड ही संवर्धन राखीव क्षेत्रं आहेत. अंजनेरीच्या नावाची सेरोपेजिया ही वनस्पती आहे, कंदिलासारख्या फुलाची, आणि ती फार थोड्या जागी उगवते. तिथलं पान उचलायचं नाही, काटकी उचलायची नाही. सुगरणीचं घरटंही नको, रिकामं दिसलं तरी त्यात गोचिडीसारखे बारीक किडे असतात. शेवाळ हवं तर काथ्या विंचरून हिरव्या चहात... नाही, पानाच्या हिरव्या रंगात बुडवा. चहाचा प्रयोग मी केलाय, काथ्या तपकिरीचा तपकिरीच राहिला.

७. पीठ पडतंय

हा प्रकार वाळवण्याने जात नाही. मैद्यासारखं पीठ आणि टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं म्हणजे भुंगेरा, आणि त्याला वाळलेलं लाकूड चालतं. त्यातून बांबू म्हणजे मेजवानीच, कारण त्यात पिठूळ अंश भरपूर असतो.

आधी खात्री करा. जुनी भोकं असली म्हणजे कीड जिवंत आहे असं नाही. वस्तू झटकून काळ्या कागदावर ठेवा, दोन दिवस हलवू नका. नवं पीठ पडलं तर आत कोणीतरी आहे.

उपाय फ्रीजर. जाड पिशवीत घाला, हवा काढून तोंड घट्ट बंद करा, उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडू नका. गार वस्तूवर हवेतलं पाणी जमतं, ते पिशवीच्या बाहेर जमू द्या, नाहीतर किडे मारून बुरशी आणाल. आमच्याकडे मटार शोधताना यजमानांच्या हाती बांबूच्या खारीचं मुंडकं लागलं होतं. पिशवीवर नाव लिहा.

८. व्हार्निश आणि भोपळा

व्हार्निश शेवटी, आणि फक्त वजन थांबलेल्या वस्तूला. ओल्या काटकीवर मारलं तर पाणी आत कोंडतं आणि बुरशी थराखाली वाढते, म्हणजे पुसायचीही सोय नाही. दुधाळ झाक आली असेल तर त्या दिवशी हवा दमट होती. कोरड्या दुपारी हलका हात पुन्हा मारून बघा, बऱ्याचदा जाते.

भोपळ्याचं लोक मनाला फार लावून घेतात. आयर्लंडात मुळात सलगम कोरायचे, भोपळा अमेरिकेत गेल्यावर आला, आणि तिकडे ऑक्टोबरअखेर थंडी असते म्हणून तो दारात टिकतो. आपल्याकडचं डांगर ऑक्टोबर हीटमध्ये दोन-तीन दिवसांत बसतं. त्यावर दुरुस्ती नाही. ३० तारखेला संध्याकाळी कोरा, आतला गर चमच्याने कोरडा होईपर्यंत खरवडा, कापलेल्या कडांना व्हॅसलीन लावा, रात्री फ्रीजमध्ये ठेवा, आणि आत मेणबत्तीऐवजी सेलवरचा दिवा लावा, कारण मेणबत्ती भोपळा आतून शिजवते. काढलेल्या गराचे घारगे करा.

टिकाऊ हवं असेल तर वाळलेला दुधी. पेठ-सुरगाण्याकडे तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य ज्या सुकवलेल्या भोपळ्याचं करतात, त्याच जातीचा. वेलीवर पूर्ण जून होऊ द्यावा लागतो आणि नंतर काही महिने सावलीत. हलवल्यावर आत बिया खुळखुळल्या की झाला. बाहेरून येणारी काळी-पांढरी बुरशी या एकाच बाबतीत घाबरण्यासारखी नाही. साल कडक असेल तर ती पाण्याने खरवडून निघते. साल दबली तर मात्र फेका.

इथे थांबा

भिंतीतून ओल: फॉइलमागे थेंब आले तर वस्तू हलवा आणि प्लंबरला बोलवा. आतला पाइप झिरपत असेल तर वरून रंग, वॉटरप्रूफिंग काही लावून उपयोग नाही. त्या बाथरूमवाल्या ताईंनी आधी रंगारी बोलावला, त्याचे पैसे गेले, मग प्लंबर आला.

लाकडी दारावर, कपाटावर नवं पीठ दिसलं, किंवा भिंतीवर मातीची बारीक नळी दिसली तर तो भुंगेरा किंवा वाळवी घरात शिरलीय. वस्तू फ्रीजरमध्ये घालून घराचं काम होत नाही. पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा आणि तो येईपर्यंत नळी मोडू नका, त्याला माग काढायला ती लागते.

अंगाला खाज: गाजरगवताची पांढरी फुलं कोणी 'परीची फुलं' म्हणून आणली असतील तर लगेच बाहेर टाका, अनेकांच्या कातडीवर त्याने पुरळ उठतं. खाजकुइलीची शेंग तर सोनेरी मखमल. मी स्वतः आदल्या हिवाळ्यात गोळा करून ठेवली होती, खारीच्या शेपटीला. डबा उघडला तो पंखा सुरू असताना. चोळू नका, चिकटपट्टी लावून ओढून कुसं काढा, मग धुवा. डोळ्यात गेलं, श्वासाला त्रास झाला किंवा पुरळ पसरत गेलं तर डॉक्टर.

गुंज आणि धोतरा मुलांच्या कामात आणायचेच नाहीत. घुबडाला लाल-काळ्या गुंजांचे डोळे फार शोभतात, मला माहीत आहे, पण चावलेली गुंज जीवघेणी असते आणि त्रास काही तासांनी सुरू होतो. मुलाने तोंडात घातल्याची नुसती शंका आली तरी उलटीची वाट बघत बसू नका. उरलेल्या बिया पुडीत बांधून सोबत घ्या आणि थेट हॉस्पिटल गाठा. डोळ्यांना रिठ्याच्या काळ्या बिया लावा, त्या चकाकतातही जास्त.

दिव्यांची माळ: प्लग गरम लागतोय, जळका वास येतोय, लावली की एमसीबी (बोर्डातला संरक्षक खटका) पडतोय, यातलं एकही झालं तर माळ काढा. चिकटपट्टी गुंडाळून पुन्हा लावून बघायची नाही. दुसरी चांगली माळ लावूनही एमसीबी पडला तर दोष बोर्डात किंवा वायरिंगमध्ये असू शकतो, वायरमनला बोलवा. २०२४ ला ३१ ऑक्टोबरलाच नरक चतुर्दशी आली होती, दारात पणत्या आणि वर माझं कडकडीत वाळवलेलं सागपानांचं कडं. जितकं छान वाळवाल तितकं ते लवकर पेट घेतं. त्या संध्याकाळी मी कडं उतरवून आत कपाटावर ठेवलं आणि पणत्या विझल्यावर रात्री साडेदहाला परत लावलं. पोरांनी ते तेव्हाच बघितलं, टॉर्चच्या उजेडात.